पाठीची माती

"…पण मुळी कुठली, वस्ताद? तेवढं नाव सांगा. मी आणतो, उगाळतो, घेतो. बाकी काही विचारू नका."

कासम वस्तादांनी मारुतीपुढं उदबत्ती लावली, काडी हलवून विझवली. मागं वळून बघितलं नाही.

"मुळी कशासाठी?"

"सांगितलं की आत्ता."

"कुठं सांगितलंस? आल्यापासून तू छपराकडं बघून बोलालाइस. छपराला सांगितलं असशील."

रंगराव गप्प झाला.

आता रंगराव गप्प बसणं ही गोष्ट वारणाकाठच्या त्या गावानं फारशी बघितलेली नव्हती. उंचापुरा गडी. कान मोडलेले. मिशा पांढऱ्या झाल्या, पण पीळ गेला नाही. ऐन उमेदीत त्यानं भल्याभल्यांना अस्मान दाखवलं होतं आणि मैदानात त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. साठी उलटली तरी हे तो कुणालाही सांगायचा. विचारलं नाही तरी सांगायचा. लग्नाच्या पंगतीत सांगायचा आणि मयताला गेला तर तिथंही सांगायचा.

असा माणूस भर दुपारी तालमीत आला होता. दुपारी तालीम रिकामी असते, पोरं सकाळ-संध्याकाळ येतात. म्हणूनच तो दुपारी आला होता.

वस्ताद कट्ट्यावर बसले. ऐंशी पार केलेला म्हातारा. कंबरेत वाकलेला, पण नजर अजून पायाच्या अंगठ्यापासून मापं घेणारी. रंगरावाला त्यांनी पोरवयात मातीच्या हौदात उतरवलं होतं. बापाला जे सांगता येत नाही ते वस्तादाला सांगायचं, ही तालमीची रीत.

"ते…" रंगराव म्हणाला, "रात्रीचं."

"झोप येत न्हाई?"

"झोप येते हो."

"मग?"

"शालनच्या जवळ गेलं की… जमत न्हाई. वर्ष होत आलं. आधी कधी जमायचं, कधी न्हाई. आता न्हाईच."

बोलून झालं. आणि इतक्या वर्षांत मैदानात कधी आला नव्हता तसला घाम त्याला आला.

वस्ताद हसले नाहीत. च्-च्-सुद्धा केलं नाही.

"तिला सांगितलंस?"

"काय सांगू? पैलवानाच्या बायकोला हे सांगायचं?"

"मग केलंस काय?"

"मळ्यातल्या खोलीत झोपतो. रानडुकरं येतात म्हणून सांगितलंय."

"येतात?"

"…न्हाई."

वस्तादांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली.

"बरं. वर्ष काढलंस. आज का आलास?"

इथं मात्र रंगरावाचा आवाज फाटला. "शालन चाललीया, वस्ताद. पुण्याला, लेकीकडं. रविवारी जावई गाडी घेऊन येणार. परत कधी, म्हटलं तर बोलत न्हाई. एवढ्या उन्हाळ्यात ट्रंकेत थंडीचे कपडे भरालीया. आणि काल बघितलं, तर काठवट जुन्या लुगड्यात बांधून ठेवलीया. भाकरीचं पीठ मळायची काठवट! पाव्हणी म्हणून जाणारी बाई काठवट कशाला नेईल?"

काठवट वस्तादांनाही कळली होती.

"म्हणून म्हणतो, मुळी सांगा. रविवारच्या आत गुण आला पायजे. नसली तर हे हाय." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. "हमरस्त्याला जडीबुटीवाल्याचा तंबू पडलाय, तिथनं घेतली. पण म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

वस्तादांनी पुडी उघडली. काळ्या गोळ्या. हुंगून बघितल्या.

"कशाच्या?"

"शिलाजीत, म्हणाला. आणि वाघाचं कायतरी."

"वाघाचं काय?"

"ते विचारलं न्हाई."

"वाघाला विचारायचंस. त्यानं बरं तुला काढून दिलं?"

म्हातारा उठला, काठी टेकत मागच्या संडासाकडं गेला आणि हात हलवत परत आला.

"वस्ताद! अहो, ते…"

"काय भरतात त्यात, अल्ला जाणे. एखाद्या दिवशी काळीज बंद पडलं असतं. मग शालन पुण्याला गेली काय आणि न्हाई काय, तुला काय कळणार होतं?" वस्तादांनी भिंतीला टेकवलेलं खोरं त्याच्यापुढं धरलं. "सदरा काढ. हौद उकर."

"आत्ता?"

"मुळी पायजे न्हवं?"

रंगरावाला बरं वाटलं. हे ओळखीचं होतं. सदरा काढून त्यानं कोनाड्यात ठेवला आणि हौदात उतरला. तालमीचा हौद रोज उकरावा लागतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती, दोन दिवस हात लागला नाही तर दगडासारखी बसते. रंगरावानं खोरं उगारलं आणि पहिले घाव असे घातले की कट्टा हादरला.

वस्ताद बघत बसले.

अर्धा हौद झाला नाही तोवर घाव ढिले पडले. मग खोरं जमिनीला टेकलं. मग रंगराव खोऱ्याला टेकला. भात्यासारखी छाती वरखाली व्हायला लागली.

"खुराक काय घेतोस?" वस्तादांनी विचारलं.

खुराक म्हटल्यावर पैलवानाला दम आला. "खुराकात फरक न्हाई, वस्ताद! सकाळी तांब्याभर दूध, त्यात तूप. बदामाची थंडाई. दुपारी मटण. रात्री परत दूध. मिसरूड फुटल्यापासनं चालू हाय, एक दिवस चुकवला न्हाई. तुम्हीच लावून दिलेला खुराक हाय."

"कुस्ती कधी सोडलीस?"

"थोरलीच्या लग्नाच्या आधी."

"तिचा पोरगा आता काय करतो?"

"कॉलेजला जाईल यंदा."

"मग इतकी वर्षं खातोय कोण?"

…

रंगरावानं खाली बघितलं. पोट होतं. ते रोजच होतं, पण आज त्याला ते दिसलं. ही चूक फक्त पैलवानच करू जाणे. माती सुटते, लंगोट खुंटीला जातो, जोर-बैठका थांबतात, आणि थंडाईचा पेला तेवढा सुटत नाही, कारण तो सोडला की आपण पैलवान उरलो नाही असं वाटतं.

"चालतोस?"

"जीप हाय की."

"मळा कितीसा लांब हाय रं?"

"…जवळच हाय."

"गालात काय हाय?"

रंगरावानं तंबाखूची गुळणी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. लपली नाही. वस्तादांनी दाराकडं बोट केलं. तो गेला, थुंकला, चूळ भरून परत आला.

"लघवी करतोस तिथं मुंग्या लागतात?"

रंगराव दचकला. "लागतात. मळ्यात बघितल्या. मला वाटलं, उन्हाळा हाय, म्हणून…"

"उद्या उपाशीपोटी तालुक्याला जा. रक्त दे. साखर बघू दे, रक्तदाब बघू दे, छाती बघू दे. आणि डॉक्टरला हे सगळं सांग. मला सांगितलंस तसं."

"वस्ताद, तिथं बाई डॉक्टर हाय!"

"मग बरंच झालं. ती तुझ्या कुस्त्या विचारणार न्हाई."

"पण छातीचा आणि ह्याचा काय संबंध?" रंगराव वैतागला. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं कशाला करालाय?"

"तुझा ऊस हाय. शेवटच्या सरीला पाणी पोचेना झालं, तर तू शेवटच्या सरीला शिव्या घालतोस?"

"तिला कशाला? वर पाट बघतो."

"पाटात काय बघतोस?"

"गाळ भरला असंल, न्हाईतर वरच कुठं…"

रंगराव बोलता बोलता थांबला.

वस्तादांनी कट्ट्यावरची मुंगी बोटानं हळूच बाजूला केली.

पण रंगराव तो रंगरावच. गडी लगेच ताठ झाला. मांडीवर शड्डू ठोकल्यासारखी थाप मारून म्हणाला, "बास! कळलं. खुराक बंद. तंबाखू बंद. जीप बंद. डॉक्टर उद्या. मी एकदा मनावर घेतलं की घेतलं, तुम्हाला माहीत हाय. रविवारपर्यंत होईल न्हवं?"

आता मात्र वस्ताद हसले. तोंडात जे काही दात राहिले होते ते सगळे दिसले.

"रविवारपर्यंत? अरं लेका, हे पोट एका रविवारात आलं का?"

"मग किती दिवस?"

"लागतील तेवढे. डॉक्टर काय सांगते ते ऐक. चाल. लवकर झोप. तोंडावर ताबा ठेव. आणि बसल्या जागी खालनं आवळायचं, सोडायचं. लघवी मधेच धरतो ना आपण, तसं. नुसता लंगोट ओढल्यागत. कुणाला दिसत न्हाई, कळत न्हाई. सोसायटीच्या मीटिंगला बसतोस तिथं कर. तिथं तरी दुसरं काय करतोस?"

"आणि मग सगळं पहिल्यागत होईल?"

"पहिल्यागत कशाला पायजे? विशीत तुला काय अक्कल होती?"

रंगराव ओशाळून हसला. मग हसू मावळलं.

"पण वस्ताद… शालन तर रविवारीच जाणार. तिला काय सांगू?"

"आता आलास मुद्द्यावर." वस्तादांनी काठी हौदाकडं केली. "झोप."

"कुठं?"

"हौदात. उताणा."

रंगरावाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पाठीवर?"

"उताणा दुसरं कशावर झोपतात?"

"वस्ताद, ह्या पाठीला आजवर…"

"ठाऊक हाय. जिल्ह्याला ठाऊक हाय. मयताला आलेल्या पाव्हण्यांना ठाऊक हाय. झोप."

"न्हाई."

पन्नासेक वर्षांत रंगराव वस्तादांना पहिल्यांदाच नाही म्हणाला. त्याचा त्यालाच धक्का बसला. पण पाय हलले नाहीत. पाठ टेकली की कुस्ती गेली, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात पक्की कळली होती. बाकी सगळं गेलं तरी ती पाठ तेवढी शिल्लक होती.

…

वस्तादांनी टोपी काढून कट्ट्यावर ठेवली. भिंतीला धरून ते एकेक पाय हौदात उतरले. गुडघा टेकला, हात टेकला, आणि तो ऐंशी पार केलेला म्हातारा, ज्याच्या पायाची माती घेऊन अर्ध्या जिल्ह्याचे पैलवान मैदानात उतरले होते, तो हौदात सरळ उताणा झोपला.

"वस्ताद! अहो, काय करालाय! उठा… उठा आधी! कुणी बघितलं तर?"

"लई गार लागतंय रं," वस्ताद डोळे मिटून म्हणाले. "ये."

रंगराव उभा राहिला. दाराकडं बघितलं. मारुतीकडं बघितलं. मग खाली बसला. कोपर टेकला. एका कुशीवर झाला. पण पाठ काही टेकेना. टेकायला आली की मान आपोआप ताठ व्हायची, खांदा उचलायचा, टाचा रुतायच्या. इतक्या वर्षांची अंगाची सवय, ती मालकाचं ऐकत नव्हती.

"कोण हाय वर?" वस्तादांनी विचारलं.

"कुठं वर?"

"तुझ्या छातीवर. कुणाशी झगडालाइस?"

कुणीच नव्हतं. रंगरावानं श्वास सोडला. खांदा खाली गेला. मग दुसरा गेला. मग सगळी पाठ मातीला लागली.

माती गार होती. हळदीचा आणि आंबूस ताकाचा वास आला. रंगरावाला छप्पर दिसलं. उभा जन्म या तालमीत काढला, पण हे छप्पर त्यानं इथून कधी बघितलं नव्हतं. इथं त्यानं ज्यांना ज्यांना पाडलं त्या सगळ्यांनी बघितलं असणार.

"काय दिसतंय?"

"एक कौल फुटलंय."

"आणखी?"

…

"भ्या वाटतंय, वस्ताद."

"कशाचं?"

"मी तिला नकोसा होईन." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. "लग्न झालं तवा ती मला घाबरायची. मग हसायला लागली. मी मैदान मारून आलो की दारात मीठमोहऱ्या घेऊन उभी. आता ती माझ्याकडं बघते, आणि मला वाटतं, हिला कळलं. हा आतनं पोकळ झालाय, हे हिला कळलं. मला लाज वाटते, वस्ताद. मला तिच्याशिवाय करमत न्हाई, आणि मी मळ्यात जाऊन झोपतो."

डोळ्यांतलं पाणी कडेनं ओघळून मोडलेल्या कानांत गेलं. ते त्यानं पुसलं नाही.

वस्तादांनी मूठभर माती उचलून हळूहळू सोडली. मग म्हणाले, "आमच्या बिबीला मी वर्षभर सांगत होतो, कंबर दुखते."

रंगरावानं मान वळवली. "तुम्ही?"

"मी कोण दगडाचा हाय? तिनं वर्षभर कंबरेला तेल चोळलं. मग एक दिवस म्हणाली, मियाँ, कंबर जाऊ द्या, खरं काय ते बोला."

"मग?"

"मग काय! बोललो."

"आणि?"

"आणि पुढं कधीतरी कंबर खरंच दुखायला लागली."

रंगराव आधी बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू फुटलं, ते आवरेना. दोघं म्हातारे हौदात उताणे पडून लहान पोरांसारखे हसले, वस्तादांना तर ठसका लागला.

"ऐक आता," ठसका गेल्यावर वस्ताद म्हणाले. "आजपासनं मळ्यात झोपायचं न्हाई. घरात, तिच्या शेजारी. आणि मी सांगेपर्यंत कुस्ती न्हाई. नुसती सलामी."

सलामी म्हणजे कुस्तीच्या आधी दोघांनी हाताला हात लावायचा असतो, ती. रंगरावाला कळलं, आणि नाहीही कळलं.

"नुसता हात धरायचा?"

"हात धरायचा. बोलायचं. तिचं ऐकायचं. डोकं दुखत असलं तर दाबून द्यायचं. कुस्तीचं नाव काढायचं न्हाई."

रंगरावानं वस्तादांना हाताला धरून उठवलं. त्यांच्या अंगावरची माती झाडली, टोपी दिली. मग खुंटीवरचा पंचा घेऊन स्वतःची पाठ पुसायला हात मागं नेला.

वस्तादांनी पंचा काढून घेतला.

"पुसू नको."

"गावातनं जायचंय, वस्ताद. पाठीला माती बघून लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. घरी तिला झाडू दे. आणि जीप इथंच राहू दे."

रंगराव निघाला. सदरा खांद्यावर, पाठ उघडी, आणि पाठभर तांबडी माती. आधी भिंतीच्या कडेकडेनं चालला. मग वाटलं, आता लपून काय करायचं. मधून चालायला लागला.

न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस साबणासकट बाहेर आला. चहाच्या गाड्यावर बोलणं थांबलं. कुणीतरी धीर करून विचारलंच, "पैलवान… कुणी पाडलं?"

"वस्तादांनी," रंगराव म्हणाला, आणि पुढं गेला. खोटं नव्हतं.

शालन माजघरात ट्रंकेचं झाकण दाबत होती. बाजूला काठवटीचं गाठोडं. तिनं नवऱ्याला दारात बघितलं आणि तिचा हात छातीवर गेला.

"अगं बाई! पडलासा काय कुठं?"

"पडलो."

तो उंबऱ्याच्या आत बसला, तिच्याकडं पाठ करून. "झाड की जरा."

शालननं ट्रंकेचं झाकण सोडलं. मग मागं येऊन बसली. आधी पदरानं झाडलं. माती चिकटली होती, निघेना. मग तळहातानं झाडलं. वर्षभरात त्या पाठीला तिचा हात लागला नव्हता.

तो भिंतीला सांगायला लागला. "शालन, मी मळ्यात झोपतो ते…" आणि थांबला. छपराला सांगितलं असशील, हे त्याला आठवलं. तो वळला, तिच्या तोंडाकडं बघून बसला आणि सगळं सांगितलं. जमत नाही तेही सांगितलं, भ्या वाटतं तेही सांगितलं.

शालनचा मातीनं भरलेला हात तसाच राहिला.

"म्हणजे रानडुकरं न्हवती?"

"न्हवती."

"एकबी न्हवतं?"

"न्हाई."

"मला वाटलं, माझी पिशवी काढली म्हणून. ऑपरेशन झालं आणि थोड्याच दिवसांत तुम्ही अंथरूण उचललंसा. मी म्हटलं, आता ह्यांच्या लेखी मी बाईच राहिले न्हाई. कशाला अडगळ होऊन ऱ्हायचं इथं…"

"कोण म्हणालं तुला असं?"

"कोण कशाला म्हणायला पायजे? तुम्ही मळ्यात गेलासा की!" आणि शालननं त्याच्या दंडावर धपाटा घातला. मग दुसरा घातला. ती रडत होती आणि मारत होती. "वर्षभर! वर्षभर मी इथं उशीत तोंड घालून रडले, आणि तुम्ही तिकडं डुकरं राखत बसलासा! नसलेली डुकरं!"

रंगरावानं मार खाल्ला. आयुष्यात इतका गोड मार त्याला मिळाला नव्हता. ती दमल्यावर त्यानं तिचा हात धरला. धरून ठेवला.

रविवारी जावयाची गाडी आली. जावई जेवला, पोतंभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन एकटाच परत गेला. काठवट चुलीजवळ आपल्या जागेवर आली.

डॉक्टरबाईंनी रक्त बघितलं आणि रंगरावावर बारीक आवाजात बऱ्याच रागावल्या. साखर होती, रक्तदाब होता. गोळ्या दिल्या, आणि वस्तादांनी सांगितलंय ते अजिबात सोडू नका, म्हणाल्या. रंगरावाचं तूप, दूध, बदाम तालमीतल्या पोरांच्या पेल्यात जायला लागलं. पहिले काही दिवस त्या पेल्यांकडं बघून त्याला उमाळा यायचा. तंबाखूनं तर त्याला सळो की पळो केलं. बडीशेप चघळून चघळून तोंड सोलून निघालं. पण गडी मळ्यात चालत जायचा, चालत यायचा. थोड्या दिवसांनी शालनही बरोबर यायला लागली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर तो इतका गंभीर चेहरा करून बसायचा की चेअरमन त्याला बिचकायला लागले.

मधे एकदा घाई केली. वस्तादांनी सांगितलं नसताना कुस्ती काढली आणि तोंडावर पडला. पण मळ्यात गेला नाही. शालन म्हणाली, "असू दे हो, झोपा," आणि हात धरून झोपली. तोही झोपला.

ऊसतोड सुरू झाली. हवेत गारठा आला.

त्या दिवशी सकाळी शालन चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. रंगराव निळा सदरा घालून तालमीला निघाला होता, पण निघत नव्हता. दाराशी घुटमळत होता, मिशीतल्या मिशीत हसत होता.

"आज वस्ताद विचारतील. काय सांगू गं?"

शालननं मान वर केली. चुलीच्या जाळानं म्हणा, कशानं म्हणा, तिचं तोंड लाल झालं.

"जावा तिकडं! लाज न्हाई ती!" ती उठली आणि भाकरीचा हात तसाच त्याच्या पाठीवर ठेवून त्याला दाराबाहेर ढकललं.

रंगराव गावातून ताठ चालत गेला. आज गावानं मागं वळून का बघितलं आणि बायका पदर तोंडाला लावून का हसल्या, हे त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, पोट उतरलं म्हणून बघतात.

तालमीत वस्ताद कट्ट्यावर ऊन खात बसले होते. रंगराव मारुतीच्या पाया पडला, मग वस्तादांच्या पायांवर वाकला.

"वस्ताद, इतके महिने झाले. खुराक विचारलासा, साखर विचारलीसा, तंबाखू विचारलीसा. पण ज्याच्यासाठी आलो होतो, ते एकदाबी विचारलं न्हाईसा."

वस्ताद त्याच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होते. निळ्या सदऱ्यावर पांढरी पाचही बोटं स्वच्छ उमटली होती.

"विचारा की."

…

वस्तादांनी बोटानं थोडं पीठ घेतलं. चिमटीत चोळलं. नाकाशी नेलं.

"यंदा ज्वारी चांगली आलीया, लेका."